मी फोन बघत नाही, वाट बघते

...हां, म्हणजे तुम्हीपण तेच म्हणणार! ‘मम्मी, तो फोन ठेवा आणि पाव द्या.’ म्हणा, म्हणा! सगळं होहोए गाव म्हणतं, तुम्ही कशाला मागे राहता? देते पाव. हा घ्या, आजचाच आहे, दाबून बघा. आणि बसा जरा, घाई कसली? गाडी भरल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवायचा नाही, अजून सात सीटा रिकाम्या आहेत, मोजल्यात मी. तुम्हाला सांगते, या फोनपायी माझी जेवढी शोभा झालीय ना, तेवढी माझ्या सासूनंही केली नव्हती, आणि त्या बाईचा हातखंडा होता त्यात!

सात तास बेचाळीस मिनिटं! रोजची! अहो, तेवढी मी झोपत तरी असेन का? आणि हा आकडा काढला कुणी, तर आमच्या मास्तरांनी. आमचे हे, प्रॉस्पर मास्तर. छत्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, आता निवृत्त झालेत, नद्या-डोंगर संपले, आता मी एकटीच उरलेय मोजायला. माझ्याच फोनमध्ये शिरले आणि काढला आकडा! आता नवऱ्यानं बायकोच्या फोनमध्ये दुसऱ्या कुणा बाप्याचं नाव शोधावं, आदळआपट करावी, ते मी समजू शकते, त्यात निदान माझा काही मान तरी आहे. यांनी शोधलं काय? मिनिटं! आणि वर चष्मा नाकावर आणून, वर्गात उभं केल्यासारखं, ‘सेफाची आई, सात तास बेचाळीस मिनिटं म्हणजे वर्षाचे एकशे सतरा दिवस होतात. एकशे सतरा दिवस तू फोन बघतेस!’

मी म्हटलं, अहो, मी फोन बघत नाही, मी वाट बघते.

खोटं सांगत नाही. या फोनमध्ये ती नाचाची, भांडणाची, मांजरांची चित्रं येतात ना, त्यातलं मी काही बघत नाही. मी एकच बघते. माझ्या मुलीचं नाव. सेफाकोर. एकुलती एक. सहा वर्षं झाली तिला विलायतेला जाऊन, बर्मिंगहॅमला, नर्स आहे, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. तिथल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ती रोज भेटते, इथल्या म्हातारीला सहा वर्षांत एकदा नाही! कधी रजा नाही, कधी कागद नाहीत, कधी विमानाचं भाडं ऐकूनच घेरी येते. तर तिच्या नावाखाली कधीकधी ‘ऑनलाइन’ असं उमटतं. बस्स. तेवढंच बघायचं असतं मला. फोन करत नाही हो मी, कामात असते पोर, कशाला व्यत्यय? नुसतं उमटलं की कळतं, उठलीय, बरी आहे, फोन हातात आहे. मग ते जातं. मग मी बसते, परत कधी उमटतंय बघत. त्याला मास्तर म्हणतात फोन बघणं!

आणि तुम्ही म्हणाल, मग बोलत का नाहीस? बोलते ना! दोन वाक्यं होतात न होतात तोच बाईसाहेब लिहितात, ‘मम्मी, येते.’ की गेली! चौदा तास गेली! आता मला सांगा, आपल्यात उठताना कुणी ‘जातो’ म्हणतं का? अशुभ! न्हाणीघरात जाणारा म्हणतो ‘येतो’, समोरच्या दुकानात जाणारा म्हणतो ‘येतो’. माझ्या भट्टीचं तोंड फुटलेलं, ते लिंपायला गवंडी आलेला, मागच्या ईस्टरला, अर्धं लिंपलं आणि ‘येतो हं मम्मी’ म्हणून जो गेलाय तो अजून येतोयच! तसंच हे. सेफाची पाळी सुरू झाली, फोन कपाटात गेला, ‘मम्मी, येते.’ सहा वर्षं, रोज. आणि पोर ‘येते’ म्हणून उठल्यावर आईनं काय करायचं? तोंड फिरवून बसायचं? मी बसते तिथंच, फोन धरून. येते म्हणालीय ना!

आता यात भट्टीतले पाव एखाद-दोनदा करपले असतील. बरं, दहा-बारा वेळा करपले असतील. पण मास्तरांनी काय करावं? घरातली गोष्ट घरात ठेवावी ना? हे गेले चर्चमध्ये आणि मामा चॅरिटीच्या कानावर घातलं!

मामा चॅरिटी म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या प्रमुख, सगळ्यांच्या मामा, म्हणजे आई. नाव चॅरिटी, पण त्यांच्याकडून दया मिळालेला माणूस मी तरी पाहिला नाही. त्या रविवारी उभ्या राहिल्या, डोक्याचं फडकं घट्ट केलं. त्यांनी फडकं घट्ट केलं की पाद्रीसुद्धा सरळ बसतात. म्हणाल्या, ‘भगिनींनो! आपण पावसासाठी उपास केला, शांततेसाठी उपास केला, चर्चच्या डिकनच्या मुतखड्यासाठी तीन दिवस पाणी सोडलं. आता एक उपास फोनचा! चौदा दिवस! संध्याकाळी सहा ते साडेसहा तेवढा उपास सोडायचा. आणि दर रविवारी प्रत्येकीनं आपापल्या फोनमधला सगळ्यात वाईट दिवसाचा आकडा उभं राहून सांगायचा. मोठ्यानं!’ आणि हे म्हणताना बघत होत्या कुणाकडे? माझ्याकडे!

मग काय विचारता, सगळ्या बायका लागल्या खोदायला. ‘मामा, उपासाला व्हॉइस नोट चालते का?’ मामा म्हणाल्या, ‘ऐकलेली चालते, पाठवलेली नाही.’ ‘मामा, उपासाला मिस्ड कॉल चालतो का?’ ‘दिलेला चालतो, उचललेला नाही.’ ‘मामा, नवऱ्याच्या फोनमध्ये डोकावलेलं चालतं का?’ ‘ते कधीच चालत नाही आणि तुम्ही सगळ्या करता. खाली बस!’ मी हात वर केला. म्हटलं, मामा, नुसतं नाव बघितलेलं चालतं का? काही बोलायचं नाही, लिहायचं नाही, फक्त नाव उघडून बसायचं? सगळं चर्च हसलं हो. मामा म्हणाल्या, ‘एसिनाम, ते तर अजिबात नाही. तोच तुझा आजार आहे.’

आजार! मामा, म्हटलं मनात, मी फोन बघत नाही, मी वाट बघते. पण मनातच म्हटलं. फडकं घट्ट होतं त्यांचं.

तर सोमवारी सहा वाजता मी सेफाला सांगितलं सगळं. आणि मला जरा रागच होता, म्हटलं, मी एकटीनं का कोरडं राहायचं, तूपण कर उपास! अर्धा तास, तेवढाच फोन! म्हणाली, ‘बरं मम्मी, करते. तुझ्यासाठी.’ गुणी आहे हो. लहानपणीसुद्धा मी उपास धरला की ही बिस्किटाचा पुडा लपवून माझ्याशेजारी उपाशी बसायची.

आणि तुम्हाला सांगते, पहिले तीन दिवस मी पाळला! फोन पिठाच्या डब्यात, झाकण घट्ट. दिवस कसा जातो विचारू नका. हाताला सवय ना, हात आपोआप कनवटीकडे जायचा, काही नाही तिथं! मंगळवारी मी दुपारी एक वाजता मास्तरांना विचारलं, सहा वाजले का हो? म्हणाले, ‘सूर्य डोक्यावर आहे, सेफाची आई.’ भूगोल! मी पाव मळला, परत मळला, इतका मळला की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणे, मम्मी, आज पाव एवढा मऊ कसा? म्हटलं, उपास आहे बाबा.

गुरुवार उजाडला. तो गुरुवार. सहा वाजता फोन उघडला, सेफा आली, बोललो, काय जेवलीस, थंडी किती, मोजे घातलेस का... आणि सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तिनं लिहिलं, ‘मम्मी, येते.’

मी लिहिलं, ‘बरं.’

ऐका नीट. लेकीनं लिहिलं येते, आणि मी लिहिलं बरं! आणि बसले वाट बघत. अजून दोन मिनिटं शिल्लक होती ना उपास सोडायची, म्हटलं येईल. साडेसहा झाले. नाही. सात झाले. नाही. मास्तर म्हणाले, ‘वेळ संपली.’ म्हटलं, ती येते म्हणालीय! म्हणाले, ‘ती रोजच म्हणते.’ म्हटलं, अहो, पण रोज ती साडेसहाला म्हणते, आज अठ्ठावीसला म्हणाली! दोन मिनिटं आधी का उठावं पोरीनं? आईच्या तोंडची दोन मिनिटं का टाकावीत? उत्तर आहे का याला?

शुक्रवारी सहा वाजता, नाही. साडेसहा, नाही. नावाखाली तेच, शेवटची दिसली काल सहा अठ्ठावीस. काल सहा अठ्ठावीस! सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. म्हटलं, आजारी पडली. म्हटलं, बर्फावरून घसरली. मग म्हटलं, नाही, रागावली. मी उपास उपास करून तिला अर्ध्या तासावर आणलं, आईलाच अर्धा तास पुरेसा वाटतो म्हटल्यावर पोर कशाला पुढचं मिनिट मागेल? मीच तोडली तिला! आणि कशासाठी, तर महिला मंडळात मोठ्यानं सांगायच्या आकड्यासाठी! खरं सांगते, त्या दिवशी मी पहाटे भट्टी पेटवल्यापासून फोन खाली ठेवला नव्हता. दोन घाणे करपले, कोळसा झाला नुसता, शेळीनं हुंगला आणि तोंड फिरवलं. उपास गेला खड्ड्यात. आणि मास्तर? सकाळी ओरडले. दुपारी येरझाऱ्या घालत होते. आणि तिसऱ्या प्रहरी हळूच माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘जरा इकडे धर गं, मला दिसत नाही.’ आम्ही दोघं, म्हातारा-म्हातारी, एका फोनवर डोकं लावून. त्या दिवसाचा आकडा झाला तेरा तास वीस मिनिटं, पण त्यातले दोन तास मास्तरांचे आहेत, हे कुठेतरी लिहून ठेवा!

शनिवारी मी स्टँडवर. इथंच, याच टेबलाशी. बाजाराचा दिवस, पाव न विकून सांगते कुणाला? पण लक्ष कुठलं. एका हातानं पाव, एका हातात फोन. हरमटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ उडालेली, कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही, प्रत्येकाच्या नाकावर फडकं. अक्राहून पहिली गाडी आली. माणसं उतरली. आणि तुम्हाला माहीतच आहे, या स्टँडवर मला सगळे मम्मीच म्हणतात. ड्रायव्हर मम्मी म्हणतो, पोलीस मम्मी म्हणतो, परवा एक सत्तरीचा बाप्या मम्मी म्हणाला, त्याला मी शिळा पाव दिला. तर कुणीतरी टेबलापुढे येऊन म्हणालं, ‘मम्मी.’

मी फोनवरून मान न काढता म्हटलं, किती हवेत?

‘मम्मी!’

म्हटलं, ऐकू येतं मला, गोड पाहिजे की साधा?

‘मम्मी, मी...’

म्हटलं, हे बघ बाई, हा घे साधा, आणि जरा बाजूला हो, तुझी सावली पडतेय, मला नीट दिसत नाही. मला माझ्या मुलीची वाट बघू दे!

असं म्हणाले मी. देवाशपथ, याच तोंडानं म्हणाले.

तेवढ्यात, काय सांगू, फोनवर उमटलं! ऑनलाइन! मी टेबलावर थाप मारून ओरडले, आली! आली! माझी सेफा आली! सगळं स्टँड वळून बघायला लागलं. संत्रीवाली टाळ्या पिटायला लागली. मी म्हटलं, थांबा, लिहितेय! ती लिहितेय! आणि अक्षरं आली: ‘मम्मी, वर बघ.’

मी वर बघितलं. आकाशाकडे! अहो, मला वाटलं पोर धर्माला लागली! मला वाटलं म्हणतेय, देवावर भरवसा ठेव! मी हात जोडून आकाशाकडे बघत उभी, डोळ्यांत धूळ, आणि म्हणतेय, आमेन, लेकी, आमेन! तेव्हा कुणीतरी माझी हनुवटी धरली, आणि खाली आणली.

केस कापलेले होते हो. एवढे एवढे. गालाची हाडं वर आलेली. नाकावरचं फडकं ओघळलेलं, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात मी दिलेला साधा पाव. हसत होती की रडत होती कुणास ठाऊक, आणि म्हणत होती, ‘मम्मी, तुला गुरुवारी सांगितलं ना! येते म्हणून! कुणाचीतरी रजा रद्द झाली, मला मिळाली, तिकीट काढलं, म्हटलं पहिलं मम्मीला सांगावं. आणि तू म्हणालीस बरं! मला वाटलं, एवढंच? नुसतं बरं?’

मी म्हटलं, अगं भवाने, तू रोज म्हणतेस येते! सहा वर्षं रोज म्हणतेस! त्यातली कुठली खरी हे मला कसं कळावं? आणि काल फोन का नाही उघडलास? तर म्हणाली, ‘उपास होता ना! सहा ते साडेसहा तेवढीच मुभा, आणि तेव्हा मी विमानात होते. मोडला नाही मी, मम्मी, आत्ता ‘वर बघ’ लिहिलं तेवढंच. तुझ्यासाठी धरला होता.’

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला जवळ घेतलं, आणि मग जी रडले, जी रडले, की गाडीतल्या लोकांना वाटलं कुणी गेलं. पुष्कळ वेळानं कुणीतरी विचारलं, मम्मी, पाव? म्हटलं, फुकट घ्या आज! आणि हो, एका झटक्यात टेबल रिकामं! माझ्या दुःखाला कुणी एवढ्या चपळाईनं धावलं नव्हतं.

सात दिवस होती. जास्त रजा नव्हती. त्या रविवारी मंडळात माझा आकडा मी उभं राहून मोठ्यानं सांगितला, तेरा तास वीस! मामांनी कपाळावर हात मारला. मी म्हटलं, मामा, मारा, पण हिला बघा आधी. मग तो आठवडा. ती झोपायची, मी बघत बसायची. उठून म्हणायची, ‘मम्मी, काय बघतेस?’ म्हटलं, काही नाही, झोप. मक्याच्या पिठाचं आक्प्ले आणि भेंडीचं कालवण केलं, तिनं पाची बोटं चाटली. विलायतेत भेंडी मिळते म्हणे, पण ओळख देत नाही. मास्तरांनी तिला नकाशा काढून विचारलं, कुठल्या कुठल्या देशांवरून आलीस, आणि तिनं खिडकी बंद होती असं सांगितल्यावर दोन तास अबोला धरला. तिच्या पायाच्या टाचा फुटलेल्या, मी तेल लावलं. बारा-बारा तास उभी असते पोर. मी टाच हातात धरली आणि मला वाटलं, हे काही फोनवर दिसत नाही. मोजे घातलेस का विचारत होते मी सहा वर्षं, हो म्हणायची. हे कुठं दिसत होतं मला?

आणि फोन? फोन पिठाच्या डब्यात होता, मला आठवणसुद्धा नाही! एकदाच काढला, ती जेवत असताना तिचा फोटो घ्यायला. तोही हलला.

काल शनिवार... नाही, परवा. आज सोमवार ना? परवा तिला अक्राला पोचवायला गेलो. विमानतळावर आत सोडत नाहीत, काचेच्या दारापर्यंतच. तिनं बॅग ओढली, वळली, आणि म्हणाली, ‘मम्मी, डॅडी, येते.’

आणि आमचे मास्तर, जे जन्मात कधी पोरीशी लाडानं दोन शब्द बोलले नाहीत, ते म्हणाले, ‘कुठल्या अर्थानं गं?’

तोंडावर हात ठेवून गेली आत. काचेतून जेवढी दिसली तेवढी बघितली. मग तिच्यामागं माणसं आली, मग नुसती माणसंच दिसायला लागली. मास्तर म्हणाले, ‘चल.’ मी म्हटलं, थांबा जरा, येते म्हणालीय. तेही थांबले. शिपायानं हटवेपर्यंत थांबलो.

काल पहाटेची पहिली गाडी धरली आणि स्टँडवरून थेट चर्चमध्ये, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. उपासाचा शेवटचा रविवार! मामा एकेकीला उठवताहेत. दोन तास. तीन तास दहा. पाद्रींची बायको, पाच तास, स्तोत्रं ऐकत होते म्हणे! मग माझी पाळी. मी फोन मामांच्या हातात दिला, मला वाचायचं बळ नव्हतं. मामांनी वाचलं. परत वाचलं. फडकं सैल केलं हो त्यांनी! ‘भगिनींनो, सिस्टर एसिनाम! तेरा तासांवरून... चार मिनिटं!’ सगळं चर्च उभं राहिलं. ढोल वाजले, रुमाल उडाले, कुणी मला ओढत पुढं नेलं, मामांनी माझ्या हातात माइक दिला आणि म्हणाल्या, ‘साक्ष दे, एसिनाम! या पोरीबाळींना सांग, एवढं मोठं व्यसन तू एका आठवड्यात सोडलंस कसं? उपाय काय?’

मी सगळ्यांकडे बघितलं. म्हटलं, उपाय आहे बायांनो, अगदी खात्रीचा आहे... पण तो काल संध्याकाळच्या विमानानं परत गेला.